१० बाय १८ च्या गॅरेजमध्ये वर्कशॉप करायचं आहे, सुरुवात कुठून करू?

नवा_रंधा

गॅरेज १० बाय १८ फुटांचं आहे. खाली कोबा, एका टोकाला शटर, समोरच्या भिंतीत लहान खिडकी. गाडी यापुढे बाहेरच राहील, आत फक्त मोटारसायकल येईल. मुख्य काम सुतारकामाचं. जोडीला लोखंड कापणं, घासणं, भोकं पाडणं आणि मोटारसायकलची देखभाल. सध्या आत एक दिवा आणि एक सॉकेट आहे. बेंचची उंची किती ठेवू, सॉकेट किती लागतील आणि यंत्रं कुठल्या क्रमाने घेऊ? टेबल सॉ (टेबलात बसवलेली यांत्रिक करवत) आधी घ्यावा असं वाटतंय.

ओळंबा

टेबल सॉ सगळ्यात शेवटी घ्या. आधी जमीन, मग वीज, मग उजेड. बेंच आणि भरपूर वजन आत आल्यावर या तिन्हींपैकी काहीही दुरुस्त करायचं म्हणजे खोली पुन्हा रिकामी करणं आलं.

जमिनीची ओल तपासायला मीटरभर चौरस जाड प्लास्टिक कोब्यावर पसरा, चारी कडा टेपने सील करा आणि २४ तास तसंच ठेवा. प्लास्टिकच्या खालच्या बाजूला थेंब दिसले तर ओल जमिनीतून येतेय. अशा जमिनीवर इपॉक्सी रंग टिकत नाही, फुगून पोपडे निघतात, कारण खालून येणाऱ्या वाफेला वाट मिळत नाही. थेंब वरच्या बाजूला असतील तर दमटपणा हवेतला आहे, वायुवीजन वाढवा. दोन्ही बाबतींत लोखंडी अवजारं जमिनीवर किंवा फोमच्या खाचांत ठेवू नका. फोम ओल धरून ठेवतो आणि अवजार नेमकं तिथेच गंजतं.

वायरिंग (२३० व्होल्ट धरून): दिव्यांचं सर्किट पूर्ण वेगळं, १.५ चौ. मिमी तांब्याची वायर. हे महत्त्वाचं आहे. सॉ अडकून एमसीबी (जादा करंट आला की आपोआप पडणारा स्विच) पडला आणि दिवेही गेले, तर अंधारात फिरतं पातं समोर असतं. सॉकेटची दोन सर्किटं, प्रत्येक लांब भिंतीला एक, २.५ चौ. मिमी वायर आणि १६ अँपियरचा एमसीबी. एमसीबी 'सी' प्रकारचा घ्या. सुरू होताना मोटर नेहमीच्या पाच-सहापट करंट खेचते, त्यामुळे 'बी' प्रकारचा विनाकारण पडत राहतो. या सगळ्यांच्या आधी ३० मिलिअँपियरचा आरसीसीबी (करंट गळाला की वीज तोडणारा स्विच). तो ओव्हरलोडपासून वाचवत नाही, म्हणून एमसीबी हवाच, आणि दर महिन्याला आरसीसीबीचं टेस्ट बटण दाबून बघायचं. पुढे वेल्डिंग मशिन घ्यायचं असेल तर त्याच्या वेगळ्या जाड वायरसाठी रिकामा पाइप आत्ताच टाकून ठेवा.

बेंचच्या भिंतीला दर मीटरला जोडसॉकेट, जमिनीपासून ११०० मिमीवर. खाली घेतलेली सॉकेट टेकवून ठेवलेल्या फळ्यांमागे जातात. पाइप टाकणं, वायर ओढणं तुम्ही करू शकता. घराच्या बोर्डाशी जोडणी आणि अर्थिंगची तपासणी मात्र परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडूनच.

एक्स्टेन्शनवर काम भागवू नका. ०.७५ चौ. मिमीच्या २० मीटर वायरीत जाऊन-येऊन ४० मीटर तांबं होतं, रोध साधारण १ ओहम. १० अँपियरला १० व्होल्ट वायरीतच जातात, मोटर सुरू होताना चाळीस-पन्नास. मोटर वेग घ्यायला वेळ लावते आणि वाइंडिंग तापतं. रिळावर गुंडाळलेली वायर तर स्वतःच तापते.

उजेड: खोली साधारण १७ चौ. मीटर, वाया जाणारा उजेड धरून एकूण ८००० ल्युमेन (उजेडाचं एकक) हवेत, म्हणजे २० वॅटच्या चार एलईडी ट्यूब. त्यातल्या दोन बेंचच्या पुढच्या कडेच्या बरोबर वर लावा. पाठीमागून उजेड आला की स्वतःची सावली आखलेल्या रेघेवर पडते. ट्यूब न लुकलुकणाऱ्या ड्रायव्हरच्याच (आतला वीज पुरवणारा भाग) घ्या. सेकंदाला १०० वेळा लुकलुकणाऱ्या उजेडात फिरता चक (ड्रिलचा बिट धरणारा भाग) किंवा पातं थांबल्यासारखं दिसू शकतं.

कानस_पटाशी

बेंचबद्दल. हात सरळ खाली सोडा आणि मनगटाच्या घडीपर्यंत मोजा, रंधा मारायला ती उंची बरोबर. बहुतेकांना ३४ इंचांच्या आसपास येते. लोखंड घासायला मात्र व्हाइसच्या (काम घट्ट पकडणारा शिकंजा) जबड्याची वरची कड कोपराला यावी लागते. ३४ च्या बेंचवर व्हाइस बसवल्यावर एक-दोन इंच कमी पडतात, तेवढा लाकडी ठोकळा खाली द्या.

माप ६ बाय २ फूट. रुंदी अडीच फूट केलीत तर भिंतीवरच्या अवजारांपर्यंत हात पोचत नाही. पाय ३ बाय ३ इंचांचे, आडव्या पट्ट्या ३ बाय २ च्या. वरती १८ मिमी प्लायचे दोन थर चिकटवायचे. गोंद सगळीकडे पसरा, खालून ३० मिमीचे स्क्रू दर १५० मिमीवर मारा आणि २४ तास हात लावू नका. नुसते क्लॅम्प फक्त कडा दाबतात, मधे पोकळी राहते आणि तिथे हातोडा उसळतो. हे काम पाणसळीने तपासलेल्या सपाट जागेवरच करा. वाकड्या जमिनीवर चिकटवलेला प्लाय तो बाक कायमचा धरतो. त्यावर ६ मिमीची हार्डबोर्ड फक्त स्क्रूने, म्हणजे खराब झाली की बदलता येते.

रंधा मारताना बेंच लांबीच्या दिशेने हलतो. मागच्या दोन पायांवर १२ मिमी प्लायचा पूर्ण पत्रा ठोका, हलणं थांबतं. तिरप्या पट्टीपेक्षा हे जास्त खात्रीचं. गॅरेजच्या जमिनीला शटरकडे उतार असतोच, म्हणून प्रत्येक पायाखाली एम१२ चा (१२ मिमी जाड) लेव्हलिंग बोल्ट, उंची कमी-जास्त करायला.

लोखंडाचा व्हाइस (४ किंवा ५ इंची) उजव्या कोपऱ्यात, थेट पायाच्या वर. स्थिर जबडा बेंचच्या कडेबाहेर थोडा यायला हवा, नाहीतर लांब पट्टी उभी धरता येत नाही. आरपार बोल्ट आणि खाली मोठे वायसर वापरा, लाकडी स्क्रू महिन्याभरात सैल होतात.

खरेदीचा क्रम: गुण्या (काटकोन तपासायचं अवजार), स्टीलची पट्टी, व्हर्नियर (बारीक माप घ्यायचं साधन), व्हाइस, चार जी-क्लॅम्प, १३ मिमी चकचं ड्रिल. मग अँगल ग्राइंडर, सर्क्युलर सॉ. गुण्या घेताना सरळ कडेच्या फळीवर रेघ मारा, गुण्या उलटा करून त्याच बिंदूतून दुसरी मारा. रेघा फाकल्या तर तो गुण्या परत ठेवा.

ठिणगी

लाकूड आणि लोखंड एकाच खोलीत आहे म्हणून लिहितो. ग्राइंडर शटरजवळ, ठिणग्या बाहेरच्या दिशेला. लाकडी भुसा ओढणाऱ्या व्हॅक्यूमने लोखंडाची घासण कधीही ओढू नका. एक ठिणगी भुशाच्या पिशवीत तासन्‌तास धुमसते आणि तुम्ही गेल्यावर पेटते. जवसाच्या तेलाच्या चिंध्याही बोळा करून टाकल्या तर सुकताना आपोआप तापून पेट घेतात. उघड्यावर एकेक पसरून वाळवा.

बेंच ग्राइंडरचं नवं चाक बसवण्याआधी टांगून लाकडी मुठीने हलकेच वाजवा. खणखणीत आवाज हवा, बद्द वाजलं तर तडा आहे. टूल रेस्ट (अवजार टेकवायची पट्टी) आणि चाकातलं अंतर ३ मिमीपेक्षा जास्त नको, त्यात तुकडा अडकला की चाक फुटतं. पहिलं मिनिटभर बाजूला उभं राहून रिकामं फिरवा.

नवा_रंधा

आधी ओल तपासतो. एक राहिलं, कॉम्प्रेसर कोपऱ्यात ठेवून हवेची लाइन भिंतीवरून पीव्हीसी पाइपने काढली तर चालेल का?

ठिणगी

नाही. दाबाखालची हवा असताना पीव्हीसी फुटला तर धारदार तुकडे उडतात, आणि थंडीने, उन्हाने, वयाने तो आणखी ठिसूळ होतो. जीआय (जस्ताचा थर दिलेला लोखंडी) किंवा तांब्याचा पाइप वापरा, नाहीतर सरळ रबरी हवेची नळी. पाइपला मीटरला १ सेंटिमीटर उतार द्या आणि शेवटी खाली निचऱ्याचा कॉक बसवा. जोडण्या पाइपच्या वरच्या अंगाने काढा, म्हणजे तळाशी साचलेलं पाणी नळीत येत नाही. टाकीतलं पाणी रोज काम संपल्यावर सोडायचं, टाकी आतून गंजली तर बाहेरून काहीच कळत नाही.