माजावर आलेल्या नराला आवाज देऊन बोलवावं, की गुपचूप गाठावं?

डोंगरधार: विषय न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावरच्या रेड डिअर हरणांच्या शिकारीचा. माज, म्हणजे त्यांचा मीलनाचा काळ, मार्चअखेर सुरू होतो आणि एप्रिलमध्ये शिगेला पोचतो. या दिवसांत नर गर्जून स्वतःचं ठिकाण सांगतच असतो. मग आपण उलट आवाज कशाला द्यायचा? माझं मत स्पष्ट आहे: ऐका, दिशा धरा, वारा तोंडावर घ्या आणि गाठा. माद्या राखून असलेला मोठा नर आव्हान ऐकून दर वेळी लढायला येत नाही. बऱ्याचदा तो माद्यांना हाकलत पलीकडच्या घळीत घेऊन जातो. मग दिवस गेलाच.

रानहाक: झाडोरा संपतो तिथून वरच्या उघड्या गवताळ पट्ट्यात तुमचं बरोबर आहे. पण खाली बीच (beech) झाडांच्या दाट रानात तीस-चाळीस मीटरपलीकडे दिसत नाही. तिथे वाळक्या फांद्यांवरून गुपचूप जाणार कसं?

लोक आवाज देताना दोन चुका करतात: फार लवकर देतात आणि फार जड देतात. नर गर्जला की त्या आवाजाच्या आडोशाने पुढे सरका. शंभरेक मीटरवर आलात की एकदाच, त्याच्यापेक्षा हलका, तरुण नराचा वाटेल असा आवाज काढा. जड आवाजाने मधल्या वयाचे नर गप्प होतात. मग काठीने झुडूप खसखसवा आणि पंधरा मिनिटं हलू नका. पुष्कळ नर शेवटचं अंतर मुकाट्याने येतात, आणि वास घ्यायला वाऱ्याच्या खालच्या अंगाने वळसा घालतात. म्हणून दोघे असाल तर नेम धरणारा आवाज देणाऱ्यापासून चाळीसेक मीटर त्याच अंगाला, पण थोडा बाजूला बसतो.

डोंगरधार: याच मांडणीची मला धास्ती आहे. दाट रानात दोन माणसं वेगळी, आणि उत्तर देणारा ‘नर’ म्हणजे तिसराच शिकारी! एकमेकांच्या गर्जनेवर दबकत चाललेल्या माणसांचे अपघात तिथे झालेले आहेत. लक्ष्य निःसंशय ओळखल्याशिवाय चाप ओढायचा नाही, हा तिथल्या बंदूक-सुरक्षेचा नियमच आहे. आवाज, रंग, हालचाल, झाडीतून दिसलेला तुकडा, यांतलं एकही पुरेसं नाही.

आणि वारा? पहाटे थंड हवा उताराने खाली वाहते, ऊन तापलं की वर चढते. दक्षिण गोलार्धात पूर्वेचे आणि उत्तरेचे उतार आधी तापतात, त्यामुळे त्यांच्यावर बदल लवकर होतो. अदलाबदलीच्या वेळी वारा घळीत गरगरतो. तेव्हा नर कितीही गर्जू दे, थांबायचं. उजाडताना धारेवरून खाली उतरत गेलात तर तुमचा वास तुमच्याआधी पोचतो.

पाणवठा: तुम्ही दोघंही मोठ्या शिंगांच्याच नराबद्दल बोलताय. मांस हवं असेल तर माजातला मोठा नर घेऊच नका. तो धड खात नाही, अंगावरची चरबी झडते, आणि पोटाखालचे केस मुतात भिजलेले असतात. सोलताना ते केस मांसाला लागले की उग्र वास बसतो. त्यापेक्षा तरुण नर बरा. कातडी लगेच काढा, पोट साफ करा, मांस सावलीत हवेवर टांगा. मादी घेताना मात्र सोबत त्याच मोसमाचं पाडस नाही ना, ते नीट पाहा.

रानहाक: अपघाताचा मुद्दा पूर्ण मान्य. दोघांच्याही अंगावर केशरी जाकीट हवं, आणि मधली दिशा कुणीच नेमात घ्यायची नाही, हे आधी ठरवायचं. पण म्हणून बीचच्या रानात आवाज सोडायचा, हे पटत नाही.

डोंगरधार: मग मी झाडोऱ्याच्या वरच बसेन. तिथे नेमाचं गणित तेवढं सांभाळा: तीस अंशांच्या उतारावर ३०० मीटर दिसणारं अंतर सुमारे २६० मीटर धरायचं, वर मारा किंवा खाली. पूर्ण ३०० धरलं तर गोळी उंच जाते. आणि माजातला नर फुफ्फुसात गोळी बसूनही शंभर मीटर पळू शकतो, म्हणून लगेच मागे धावू नका. कुठून पळाला ती खूण धरा, वीस मिनिटं थांबा, मग रक्ताचा माग घ्या.