जीएम घेताय की जावई?

मेहरूणची बोरं: काल वरणबट्टी यांनी लिहिलं, वीस-पंचवीस वर्षं नोकरी केलेल्या माणसाची बॅकग्राउंड चेक (जुनी नोकरी, पदवी, केसेस तपासणं) म्हणजे त्याचा अपमान, खान्देशात गाव नि खानदान विचारलं की माणूस कळतो. रात्रभर डोकं तापलेलं, म्हणून लांब लिहितोय. आम्ही जळगाव एमआयडीसीत असाच जीएम, म्हणजे जनरल मॅनेजर, घेतला. मालकांच्या व्याह्यांचा माणूस, आधीच्या कंपनीने सोडल्याचं रिलीव्हिंग लेटर मागायची कुणाची छाती? आठ महिन्यांनी माल देणाऱ्यांचे फोन सुरू झाले. आधीच्या कंपनीतून साहेबांना पेमेंटच्याच भानगडीत काढलेलं. मधल्या दीड वर्षावर सीव्हीत 'कन्सल्टन्सी'. पीएफची सर्व्हिस हिस्टरी (कुठे, कधीपासून कधीपर्यंत नोकरी) मागितली असती तरी तारखा उघड्या पडल्या असत्या. वॉचमनला पोलीस व्हेरिफिकेशन, आणि चेकवर सही करणाऱ्याला नुसता चहा!

वरणबट्टी: व्याह्यांचा राग माझ्यावर कशाला? 2012 ला याहूचा सीईओ स्कॉट थॉम्पसन नसलेली कॉम्प्युटर सायन्सची पदवी लावून बसलाच ना? एवढी मोठी कंपनी, काय उपटलं तपासून?

मेहरूणची बोरं: कंपनीने नाही, एका गुंतवणूकदाराने तपासलं. कॉलेजलाच विचारलं. पदवी निघाली अकाउंटिंगची. स्वारी चार महिन्यांत घरी.

भुसावळ जंक्शन: कॉलेजला विचारायचं? ऐका. माझं बीकॉम 1988 चं, जळगावचं कॉलेज, पण विद्यापीठ पुणे. उमवि, म्हणजे उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ, आलं 1990 ला. 2014 मध्ये व्हाइस प्रेसिडेंटच्या पोस्टला तपासणाऱ्या एजन्सीने विचारलं कुणाला? उमविला. 'नोंद आढळली नाही.' तीन आठवडे मी बोगस पदवीवाला! पोस्ट गेली, नंतर सॉरीचा मेल.

मेहरूणची बोरं: एजन्सी गाढव निघाली म्हणून तपासायचंच नाही?

तापीकाठ: काय सांगी ऱ्हायना भो! 2018 ला विद्यापीठाला बहिणाबाईंचं नाव दिलं, छान झालं. पण भावाच्या सर्टिफिकेटवर जुनं नाव, म्हणून एजन्सीची पोरगी म्हणते 'सर, नेम मिसमॅच'. आणि ई-कोर्ट या कोर्टकेसेसच्या साइटवर एस. डी. पाटील टाकून बघा. अर्धा खान्देश आरोपी!

चाळीसगावकर: हसू नका. आमच्या चुलतभावाला दुसऱ्याच पाटलाची चेक बाउन्सची केस चिकटवली. बापाचं नावसुद्धा जुळत नव्हतं.

वरणबट्टी: बघा! खानदान विचारलं असतं तर बापाचं नाव आधी कळलं असतं 😀

मेहरूणची बोरं: धागा पाटलांवर नाहीये.

तापीकाठ: चौधऱ्यांवर घ्या मग. तेच होणार.

आईची एफडी: खानदान पुरे. आईचे साडेतीन लाख एका पतसंस्थेत अडकलेत. मॅनेजरच्या सात पिढ्या गावाला पाठ होत्या. आधीच्या संस्थेतलं त्याचं कर्जवाटप कुणी बघितलं? अर्बन बँकेच्या एमडीला रिझर्व्ह बँकेने 2021 पासून निकष लावलेत, आमदार-खासदार चालत नाहीत. पतसंस्था तिच्याकडे येतच नाहीत. वरणबट्टीसाहेब, आईला काय सांगू, घराणं चांगलं होतं?

वरणबट्टी: आईंचं वाचून वाईट वाटलं. पैशाच्या खुर्चीपुरतं मान्य, बस? पण मग चिठ्ठी देणाऱ्या चेअरमनलाही तपासा, तिथे सगळ्यांची दातखीळ बसते.

मेहरूणची बोरं: तपासा की. नको कोण म्हणतंय?

वरणबट्टी: आमच्या संस्थेत प्राचार्य घ्यायचेत. तुमच्या त्या गाढवांचा नंबर टाका. उमेदवार पाटीलच आहेत, बापाच्या नावासकट पाठवतो.