मदत हवी आहे: दिग्दर्शक किंग हूच्या चित्रपटाच्या जोडीला कोणता वूशियापट (चिनी तलवारबाजीचा चित्रपट) दाखवावा?

आमच्या फिल्म क्लबमध्ये चिनी तलवारबाजीच्या चित्रपटांवर दोन भागांचं सत्र घ्यायचंय. पहिला चित्रपट ठरलाय: किंग हूचा 'अ टच ऑफ झेन' (१९७१). बांबूच्या बनातल्या लढतीत योद्धी शेंड्यावरून खाली सूर मारते, पण ती पूर्ण झेप एका शॉटमध्ये दिसत नाही. छोटे छोटे तुकडे जोडून ती आपल्या मनात घडवलीय. हे सगळं १९७१ साली, काँप्युटरशिवाय! पुढे शेवटाकडे जाताना सूडाची गोष्ट बौद्ध विरक्तीकडे वळते, तेही मला फार मोलाचं वाटतं.

आता दुसरा हवाय, १९७५ ते १९९९ मधला. त्यानंतरचे 'क्राउचिंग टायगर' आणि 'हिरो' सगळ्यांनी पाहिलेत, ते नकोत. त्सुई हार्कचा 'झू' (१९८३) पाहिला, पण त्यात स्पेशल इफेक्ट्सपुढे माणसं मागे पडतात. वाँग कार-वाईचा 'अ‍ॅशेस ऑफ टाइम' (१९९४) मला अतिशय आवडतो, फक्त नवख्यांना त्याचं कथानक पकडणं अवघड जाईल.

पहिलाच तीन तासांहून मोठा आहे, म्हणून दुसरा दोन तासांच्या आत हवा. इंग्रजी सबटायटल्स चालतील, रक्तपाताचंही वावडं नाही. लढतीतूनच पात्रांचं मन उलगडतं असा, या काळातला कोणता चित्रपट सुचवाल?