‘इट इज मी’ लिहिलं म्हणून अर्धा गुण कापायचा?

राजारामपुरीकर
पुतण्या आठवीत आहे. शिकवणीच्या सराव पेपरात त्यानं ‘हू इज देअर?’ याचं उत्तर लिहिलं ‘इट इज मी’. (इंग्रजी ‘मी’ म्हणजे आपलं ‘मला’, वाचताना घोळ नको.) सरांनी लाल शाईनं ‘इट इज आय’ केलं आणि अर्धा गुण कापला. त्याच पानावर खाली ‘बिटवीन यू अँड आय’ लिहिलंय, त्याला मात्र बरोबरची खूण!

माझ्या मते उलटं व्हायला हवं होतं. बिटवीन, टू, फॉर, विथ यांच्यापुढं ऑब्जेक्टचंच रूप येतं: मी, हिम, हर, अस, देम. तिथं सूट नाही. ‘इट इज मी’ मात्र शिकलेसवरलेले इंग्रजही सर्रास बोलतात. दार वाजवून ‘इट इज आय’ म्हणणारा माणूस रंकाळ्यावर सोडा, लंडनातही मुश्किलीनं सापडेल.

गंगावेशचा मास्तर
साहेब, बोलणं वेगळं आणि पेपर वेगळा. ‘इज’ला कर्म नसतं. त्याच्या डावीकडं जो, तोच उजवीकडं, म्हणून दोन्हीकडं कर्त्याचं रूप. स्पर्धा परीक्षेच्या कितीतरी गाइडांत अजून हेच छापलेलं असतं. पोरानं उत्तरतालिकेशी भांडत बसायचं का? बिटवीनचं मात्र तुमचं बरोबर, ती खूण चुकीचीच.

पुस्तकी किडा
मास्तर, हा नियम लॅटिनच्या मापानं शिवलेला अंगरखा आहे. रॉबर्ट लोथ या धर्मगुरूचं व्याकरण 1762 साली आलं, त्यात ‘टू बी’नंतर कर्त्याचंच रूप हवं असं सांगितलंय. पुढच्या शालेय व्याकरणांनी त्याचीच री ओढली. शेजारचे फ्रेंच लोक बिनधास्त ‘से म्वा’ म्हणतात, म्हणजे ‘इट इज मी’च.

आणि बिटवीनवर एवढं उड्या मारताय, तर ‘मर्चंट ऑफ व्हेनिस’मधलं अँटोनिओचं पत्र काढून बघा. शेक्सपिअरनं चक्क ‘बिटवीन यू अँड आय’ लिहिलंय. कापा त्याचाही अर्धा गुण!

राजारामपुरीकर
चारशे वर्षांपूर्वीचं आहे ते. आज अर्जात तसं लिहिलं तर वाचणारा शेक्सपिअर आठवेल का चूक काढेल?

करवीरची बाई
मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. चूक कुठून येते ते सांगते. पोरं आधी म्हणतात ‘मी अँड माय फ्रेंड वेंट टू पन्हाळा’. आपण दरवेळी ओरडतो, “मी नाही, आय म्हण!” पोर त्यातून एवढंच उचलतं की ‘अँड’ आला की ‘आय’ म्हटलेलं बरं, बाई ओरडत नाहीत. मग ‘सर कॉल्ड माय फ्रेंड अँड आय’ सुरू होतं. ही चूक आम्ही शिक्षकांनीच पेरलेली.

वर्गात मी एकच करायला लावते. ‘माय फ्रेंड अँड’वर अंगठा ठेवा आणि उरलेलं मोठ्यानं वाचा. ‘सर कॉल्ड आय’ म्हटलं की मागच्या बाकावरचंही हसतं. नियम सांगावा लागत नाही.

काही जण मराठीवरून ताडा म्हणतात: ‘मैत्रिणीला आणि मला बोलावलं’, म्हणजे इंग्रजीत ‘मी’. इथवर ठीक. पण ‘मला ताप आलाय’, ‘मला गुऱ्हाळ बघायचंय’, ‘मला हे पटत नाही’ या सगळ्या ‘मला’चं इंग्रजीत ‘आय’ होतं. मराठीचा आधार अर्ध्या वाटेपर्यंतच.

शाहूपुरीचा भावा
काय राव, आय काय न् मी काय! समोरच्याला कळलं की झालं. इंटरव्ह्यूत कोण व्याकरण बघतंय?

पुस्तकी किडा
भावा, हे वाक्य वहिनींसमोर म्हणून बघ: ‘माय वाइफ लव्ह्ज मिसळ मोर दॅन मी.’ तिचं मिसळीवर जास्त प्रेम का तुझ्यावर, हा प्रश्न उभा राहतो. ‘दॅन आय’ म्हटलं तर तुझ्यापेक्षा ती जास्त मिसळवेडी, एवढंच.

शाहूपुरीचा भावा
दोन्ही खरं आहे 😂

गंगावेशचा मास्तर
अशा जागी सरळ ‘दॅन आय डू’ लिहावं, संशयच नको. ‘शी इज टॉलर दॅन मी’ला मीही आता गुण देतो, सगळेच तसं लिहितात. ‘इट इज आय’वरून मात्र हटणार नाही.

करवीरची बाई
‘दॅन मी’ चालतं आणि ‘इट इज मी’ नाही, हे कसं काय सर? दोन्हीकडं रूढी एकच. एवढंच असेल तर तो प्रश्न पेपरात घालूच नका. त्याऐवजी टू, फॉर, विथ, बिटवीनच्या पुढं ‘अँड’ घालून पाच गाळलेल्या जागा द्या. कोणाला येतं आणि कोण पाठ करून आलंय, तिथं कळेल.

गंगावेशचा मास्तर
पाच द्या, पण सहावा माझा राहणार.