मदत हवी आहे: औषधांच्या रिकाम्या बाटल्यांचं नक्की काय करायचं?

मृण्मयी_पुणे

नमस्कार मंडळी,

सासऱ्यांना मधुमेह आहे, दमा आहे आणि मोतीबिंदूच्या ऑपरेशनपासून डोळ्यांत थेंबही चालू आहेत. सासूबाईंना एकही बाटली टाकवत नाही. "असू दे गं, लागते कधीतरी." त्या कधीतरीच्या नादात माळ्यावर दोन खोकी भरलीत. सिरपच्या तपकिरी बाटल्या (काही काचेच्या, काही प्लास्टिकच्या), इन्सुलिनच्या छोट्या कुप्या, ड्रॉपच्या बाटल्या, गोळ्यांचे पांढरे डबे, संपलेले इनहेलर आणि होमिओपॅथीच्या त्या साबुदाणा गोळ्यांच्या नळकांड्या. हो, आयुर्वेदिक अरिष्टांच्या बाटल्याही आहेत!

भंगारवाल्याला विचारलं तर म्हणाला, "काचेला भाव नाही ताई, प्लास्टिक असेल तर द्या." आमच्याकडे कचरा न्यायला 'स्वच्छ' संस्थेच्या ताई येतात. त्या सुका कचरा हाताने वेगळा करतात, म्हणून सरसकट पिशवी बांधून द्यायला मन होत नाही.

प्रश्न असे: बाटल्या धुवायच्या का, आणि ते पाणी सिंकमध्ये ओतलं तर चालतं का? लेबल काढायचं का? इन्सुलिनच्या कुप्या सुक्या कचऱ्यात चालतात का? इनहेलरचं काय?

"फेकून द्या" सोडून काहीही सुचवा.

नानाचा_वाडा

एवढा विचार कशाला? आमच्या लहानपणी सिरपच्या बाटलीत रॉकेल, फिनेल, तेल, सगळं भरून ठेवायचे. घरातच जिरवा.

औषधी_बाबा

नाना, तुमच्याशी वाद नाही, पण फिनेल भरलेली सिरपची बाटली फळीवर दिसली की मी आजही हात जोडतो. लेबलवर खोकल्याचं औषध आणि आत जंतुनाशक. घरात नातवंडं असतील तर हा प्रकार नकोच. औषधाच्या बाटलीत खाण्यापिण्याचं किंवा विषारी, काहीच भरू नये.

मृण्मयीताई, माझी नोकरी औषधांच्या पॅकिंगमध्ये गेली, म्हणून थोडं लांबण लावतो.

सगळी काच एक नसते. सिरपची तपकिरी बाटली साध्या सोडा-लाइम काचेची असते, म्हणजे लोणच्याच्या बरणीची जी जात, तीच. उजेडाने औषध बिघडू नये म्हणून तपकिरी. ही वितळून पुन्हा बाटली होते, फक्त रंगानुसार वेगळी ठेवावी लागते. इंजेक्शनच्या, म्हणजे इन्सुलिनच्याही, कुप्या बहुतेक बोरोसिलिकेट काचेच्या असतात. ती वितळायला जास्त तापमान लागतं. साध्या काचेच्या भट्टीत पडली की नीट वितळत नाही आणि नव्या बाटलीत खडे राहतात. म्हणून कुप्या सिरपच्या बाटल्यांत मिसळू नका.

प्लास्टिकसाठी बाटलीचा तळ पाहा. त्रिकोणात १ म्हणजे पेट, सिरपच्या आणि अरिष्टांच्या बऱ्याच बाटल्या आता याच्याच. २ म्हणजे एचडीपीई, गोळ्यांचे पांढरे डबे. मोजायचं झाकण बहुधा ५, पॉलिप्रॉपिलीन. हे सगळं भंगारवाला घेतो, फक्त तपकिरी पेटला पारदर्शक पेटइतका भाव देत नाही.

धुण्याबद्दल. आधी बाटली उपडी ठेवून निथळू द्या. तळाला चिकटलेलं औषध चहाच्या चोथ्यात किंवा मातीत कालवून, पिशवी घट्ट बांधून वेगळी ठेवा. हा चोथा ओल्या कचऱ्यात किंवा कुंडीत अजिबात नको, खत करणाऱ्यांचा सगळा ढीग बिघडेल. मग घोटभर पाण्याने एकदा खळखळवलंत की पुरे. त्या पाण्यात उरतं ते नगण्य. अर्धी भरलेली बाटली सिंकमध्ये रिकामी करणं मात्र वेगळी गोष्ट, विशेषतः अँटिबायोटिकची. सांडपाणी केंद्रात ही औषधं पूर्णपणे निघत नाहीत, उरलेली नदीत जातात.

लेबल काढाच. नाही निघालं तर मार्करने काळं करा आणि झाकण वेगळं टाका. धडधाकट बाटली, लेबल आणि झाकण तिन्ही एकत्र मिळालं की बनावट माल भरणाऱ्याचं अर्धं काम होतं. १ ऑगस्ट २०२३ पासून ठरावीक ३०० ब्रँडना क्यूआर कोड सक्तीचा झाला तो याच भानगडीमुळे. तो कोडही खरवडून टाका.

कागदकाच

बाबांना +१. मी कचरावेचकांसोबत काम करते, म्हणून हाताळणाऱ्यांच्या बाजूने लिहिते.

पुण्यात हे काम करणाऱ्या बायकांची कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत १९९३ पासून आहे, आणि स्वच्छ ही त्यांची सहकारी संस्था २००८ पासून महापालिकेबरोबर घरोघर कचरा उचलते. काच त्यांच्या रोजच्या कामातलीच आहे, पण त्यांना त्रास होतो तो फुटलेल्या काचेचा आणि सुयांचा. म्हणून बाटल्या फोडू नका! "जागा कमी लागते" म्हणून काही लोक फोडून देतात, तेव्हा हात कापतो तो ताईंचा. अख्ख्या बाटल्या जाड कागदी खोक्यात उभ्या ठेवा, वर ठळक "काच" लिहा आणि पिशवीत न कोंबता हातात द्या. दोन खोकी एकदम देणार असाल तर आदल्या दिवशी सांगून ठेवा, त्यांच्या ढकलगाडीत तेवढी जागा नसते.

इन्सुलिनची रिकामी कुपी घातक नाही. आत उरलेलं इन्सुलिन प्रथिन असतं, ते कुजून जातं. सुई मात्र घातक! सासरे सिरिंज वापरत असतील तर ती कुपीबरोबर एका पिशवीत नको. बाबा म्हणाले तो २ नंबरचा पांढरा डबा घ्या, सुया त्यात टाका, पाऊण भरला की झाकण टेपने बंद करून वर लाल ठिपका आणि "सुया" असं लिहा. तुमच्या ताई घेत नसतील तर ओळखीच्या दवाखान्यात विचारा. त्यांचा जैववैद्यकीय कचरा तसाही वेगळा उचलला जातो, आणि डॉक्टर ओळखीचे असतील तर सहसा नाही म्हणत नाहीत.

इनहेलर: वरचं प्लास्टिक आणि आतला धातूचा डबा वेगळा होतो. प्लास्टिक धुऊन सुक्या कचऱ्यात. धातूच्या डब्यात औषध संपलं तरी दाबाखालचा वायू शिल्लक असतो. तो भोसकू नका, जाळू नका, भंगारातही देऊ नका, दाबयंत्रात फुटतो. तो घरगुती घातक कचरा.

नानाचा_वाडा

हा घातक कचरा द्यायचा कुठे? लाल डबा आमच्या सोसायटीत शोभेला ठेवलाय.

कागदकाच

नाना, हा प्रश्न रास्त आहे. २०१६ च्या घनकचरा नियमांत मुदत संपलेली औषधं आणि सुया घरगुती घातक कचऱ्यात धरल्या होत्या आणि दर २० चौरस किलोमीटरला एक संकलन केंद्र असावं असंही लिहिलं होतं. कागदावर. तुमच्या क्षेत्रीय कार्यालयात आरोग्य निरीक्षकाला केंद्राचा पत्ता लेखी विचारा, आणि एकट्याने नाही, सोसायटीच्या लेटरहेडवर. केरळने उरलेली औषधं परत घ्यायला एनप्राउड नावाची योजना चालवली आहे. आपल्याकडेही मागितल्याशिवाय सुरू होणार नाही.

मृण्मयी_पुणे

बाबा, कागदकाचताई, खूप आभार! सासूबाईंना वाचून दाखवलं. होमिओपॅथीच्या नळकांड्या त्या डॉक्टरांकडे परत नेणार म्हणतात, ते धुऊन पुन्हा वापरतात म्हणे. वाचलंच काम.

एक राहिलं. शेजारच्या काकूंच्या कॅन्सरच्या गोळ्यांचे रिकामे डबे त्यांनी माझ्याकडे दिलेत, "तू टाकतेच आहेस तर हेही टाक" म्हणून. हेही २ नंबरचंच प्लास्टिक आहे. भंगारात चालेल?

औषधी_बाबा

नाही! आणि धुऊही नका. कॅन्सरच्या गोळ्यांची पूड डब्याच्या आत चिकटलेली असते, ती हाताला लागू नये आणि पाण्यातही जाऊ नये. रुग्णालयांनाही हा कचरा वेगळ्या पिवळ्या पिशवीत टाकावा लागतो, आणि तो १२०० अंशांच्या वर जाळतात. हातमोजे घालून डबे बंद करा, एका पिशवीत, मग दुसऱ्या पिशवीत, आणि काकूंच्या पुढच्या तपासणीला त्या जातात त्या रुग्णालयाच्या औषध विभागात द्या. आधी फोन करून विचारा, म्हणजे काकूंना हेलपाटा पडणार नाही. आणि तुमच्या घरी ते डबे बाकीच्या खोक्यांत मिसळले नसतील ना, तेवढं आजच बघून घ्या.