उन्हाळ्यात सागरी संशोधनाची इंटर्नशिप: तयारी कशी करावी?

प्रश्न (बी.एस्सी. द्वितीय वर्ष, मिरज)

मी प्राणिशास्त्र शिकत असून येत्या उन्हाळ्यात दोन महिने सागरी संशोधनात काम करण्याची माझी मनापासून इच्छा आहे. आमच्या महाविद्यालयात या विषयाचे कोणी प्राध्यापक नाहीत, समुद्र मी सहलीपुरताच पाहिला आहे आणि मला पोहता येत नाही. अर्ज कोठे करावा आणि तेथे प्रत्यक्षात काय काम असते, हे कोणी सांगू शकेल का?

उत्तर १

पोहण्याची चिंता प्रथम मनातून काढून टाका. मी गोव्यात दोन महिने काम केले, त्यात होडीत बसण्याचा योग दोनदाच आला. उरलेले सगळे दिवस सूक्ष्मदर्शकापाशी गेले. बारीक जाळीने गाळून फॉर्मॅलिनमध्ये (नमुने टिकवणाऱ्या द्रावणात) ठेवलेले प्राणिप्लवकांचे, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या बारीक प्राण्यांचे नमुने आधी स्वच्छ धुवायचे, थोडा भाग मोजणीच्या काचेवर घ्यायचा आणि एका हाताने काच सरकवत दुसऱ्या हाताने मोजणीयंत्राचे बटण दाबत राहायचे, असे ते काम असते. नमुन्यात बहुतेक कोपेपॉडच (कोळंबीसारखे कवचधारी, पण अगदी बारीक प्राणी) दिसतात आणि सुरुवातीला सगळे सारखेच वाटतात. साधारण दहाव्या दिवशी स्पर्शिकांची लांबी आणि शेपटीकडचे काटे आपोआप नजरेत भरू लागले, तो आनंद मला आजही आठवतो.

पश्चिम किनाऱ्यावर जूनपासून समुद्र खवळतो आणि 1 जून ते 31 जुलै यांत्रिक मासेमारीही बंद असते. त्यामुळे नमुने गोळा करण्याचे काम मे महिन्यातच उरकावे लागते, हे लक्षात घेऊन मार्गदर्शकांना तारखा कळवा.

उत्तर २

अर्जाचे दोन मार्ग आहेत. पहिला म्हणजे देशातील तीन विज्ञान अकादम्यांची संयुक्त उन्हाळी संशोधन शिष्यवृत्ती. तिचे अर्ज उन्हाळ्याच्या कितीतरी आधी मागवले जातात, म्हणून परीक्षा संपण्याची वाट पाहू नये. दुसरा मार्ग म्हणजे शास्त्रज्ञांना थेट पत्र लिहिणे. गोव्यातील दोनापावला येथे 1966 साली स्थापन झालेली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था (मुंबईतही तिचे केंद्र आहे), वास्कोचे राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र आणि वर्सोव्याची केंद्रीय मत्स्यशिक्षण संस्था यांच्या संकेतस्थळांवर कोण कशावर काम करतो ते पाहा. एकच मजकूर चाळीस जणांना पाठवण्याचा मोह अनेकांना होतो, पण माझ्या मते तो सर्वांत वाईट मार्ग आहे. एका शास्त्रज्ञाचा एक शोधनिबंध नीट वाचावा, त्यातील न समजलेली एक गोष्ट विचारावी आणि आपण कोणत्या तारखांना येऊ शकतो ते स्पष्ट लिहावे.

उत्तर ३ (रत्नागिरी)

पत्र लिहिण्याआधी एक दिवस खडकाळ किनाऱ्यावर काम करून पाहा. प्लॅस्टिकच्या नळीची अर्धा मीटर बाजूची चौकट करा, ती ओहोटीच्या रेषेपासून वरपर्यंत ठरावीक अंतरावर ठेवत जा आणि प्रत्येक ठिकाणी कालवे, शिंपले व शेवाळ किती आहे त्याची वहीत नोंद करा. अमावास्या किंवा पौर्णिमेच्या उधाणात पाणी सर्वांत जास्त मागे हटते. आमच्याकडे त्या दिवसांत ओहोटी भल्या सकाळी किंवा सायंकाळी लागते, त्यामुळे आदल्या रात्रीच मुक्कामाला यावे आणि एकट्याने खडकावर जाऊ नये. जेमतेम दोन तास मिळतात. अशी एक वही जवळ असली की पत्रात लिहायला तुमचे स्वतःचे काहीतरी असेल.

प्रश्नकर्ती

सर्वांची मी मनापासून आभारी आहे. माझी मावशी रत्नागिरीतच राहते. येत्या पौर्णिमेला मावसभावाला सोबत घेऊन जाते आणि वहीतील नोंदी येथे मांडते. मोजणीत चूक आढळल्यास कृपया सांगावे.