मदत हवी आहे : कोळशाच्या व्यापारातील ‘चाल्ड्रन’ किलोत कसा मांडावा?

नमस्कार. टाइन नदीवरच्या न्यूकॅसलहून अठराव्या शतकात समुद्रमार्गे लंडनला जाणाऱ्या कोळशावर मी एक लेख लिहीत आहे. त्या काळच्या हिशेबांत कोळसा ‘चाल्ड्रन’मध्ये मोजलेला आढळतो आणि अडचण अशी की या एकाच नावाची दोन मापे होती. न्यूकॅसलचा चाल्ड्रन सतराव्या शतकाच्या अखेरीस ५३ हंड्रेडवेट, म्हणजे सुमारे २,६९० किलो, असा ठरून गेला. असे आठ चाल्ड्रन ‘कील’ नावाच्या होडीत भरून जहाजापर्यंत नेत असत. लंडनचा चाल्ड्रन मुळात वजनाचा नव्हताच. तो ३६ बुशेलांचा (बुशेल हे आकारमानाचे माप), तेही शीग लावून भरलेल्या बुशेलांचा, आणि त्यात न्यूकॅसलच्या साधारण निम्माच कोळसा मावे.

त्यामुळे टाइनकाठचा खरेदीभाव आणि थेम्सकाठचा विक्रीभाव ‘दर चाल्ड्रन’ म्हणून शेजारी-शेजारी मांडले, तर दोहोंतला फरक प्रत्यक्षाहून कितीतरी कमी दिसतो. त्यात भर म्हणजे मोठी ढेकळे फोडली की तोच कोळसा अधिक जागा व्यापतो, तेव्हा मापाने विकणाऱ्याला कोळसा फोडण्यातच फायदा असे. शिवाय लंडनला जहाजावरून घाऊक खरेदी करणाऱ्याला २० चाल्ड्रनांमागे एक वर मिळे. आपल्याकडच्या आंबेवाल्यांना ही रीत समजावून सांगावी लागणार नाही. हा घोळ लंडनमध्ये १८३१ च्या कायद्याने मिटला आणि तिथे कोळसा वजनावर विकला जाऊ लागला.

जाणकारांना दोन गोष्टी विचाराव्याशा वाटतात. नोंदीत नुसते ‘चाल्ड्रन’ असेल, तर माल भरण्याच्या बंदरातील नोंद न्यूकॅसलच्या मापाची आणि लंडनमध्ये माल उतरवतानाची नोंद लंडनच्या मापाची धरावी, असा माझा कयास आहे. याला अपवाद कोणाच्या वाचनात आले आहेत का? दुसरे असे की, शिगेच्या मापाला किलोचा नेमका आकडा जोडणे मला फसवे वाटते, म्हणून लंडनचे आकडे मूळ मापातच ठेवून तळटिपेत केवळ ढोबळ वजन द्यावे, असा विचार आहे. खंडी, मण, पायली यांचे जुने हिशेब मराठीत मांडताना आपण कोणती पद्धत वापरता, हे उदाहरणासह सांगितल्यास उपकार होतील.